रेल्वेचे फोटो काढताना रुळापासून किती लांब उभं राहायचं?

भाऊ, तुझा प्रश्न नीट दोनदा वाचला. तू अमळनेरचा, जळगावला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हातात मोबाईल आणि मामांनी दिलेला जुना डीएसएलआर, त्यावर १८-५५ ची साधी झूम लेन्स. तुला विचारायचंय की रुळापासून किती फुटांवर उभं राहिलं तर चालतं, कारण लांबून काढलं की गाडी मुंगीएवढी येते, जवळ गेलं की आरपीएफवाले, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान, हटकतात, आणि घरी कळलं तर वडील कॅमेराच काढून घेतील. शेवटी लिहिलंयस की बाकीची पोरं एवढ्या जवळून रील काढतात, त्यांना तर काही होत नाही.

मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेलो, वडील लोको पायलट होते, तेव्हा ड्रायव्हर म्हणायचे. रोल घालायच्या कॅमेऱ्यापासून गाड्यांचे फोटो काढतोय, पंचवीसेक वर्षं झाली. फुटांचा आकडा मी देणार आहे तुला, पण नुसता आकडा घेऊन गेलास तर तो पहिल्याच दिवशी मोडशील. मीही मोडायचो. कारण घरून निघताना माणूस ठरवतो की वीस फुटांच्या आत जायचं नाही, आणि लांबून हेडलाइट दिसला की पाय आपोआप पुढे सरकतात, हे कॅमेरा डोळ्याला लावलेल्या प्रत्येकाचं होतं. डोळा त्या चौकटीत अडकला की बाकीचं जग बंद होतं, आवाजसुद्धा कमी ऐकू येतो. म्हणून माझं म्हणणं असं की सावध राहीन, लक्ष ठेवीन असं स्वतःला सांगूच नकोस, तू लक्ष ठेवू शकणार नाहीस, मीही नाही ठेवू शकत. भान जाणारच हे धरून चालायचं आणि जागाच अशी निवडायची की पूर्ण भान गेलं, दोन पावलं पुढे गेलास, पाय घसरला, तरी गाडीपर्यंत पोचणार नाहीस.

हे मला कसं समजलं ते सांगतो. भुसावळ-जळगावच्या मध्ये, संध्याकाळची वेळ, थंडीचे दिवस. भुसावळकडून अप लाइनला, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या लाइनला, एक मालगाडी येत होती, पुढे दोन इंजिनं, आणि पश्चिमेचं पिवळं ऊन माझ्या पाठीवरून थेट इंजिनाच्या तोंडावर पडलेलं. असं ऊन वर्षातून चार-दोन वेळा मिळतं. मी डाऊन लाइनच्या बाहेरच्या बाजूला, रुळापासून तीन पावलांवर असेन. माझ्या डोक्यात हिशोब पक्का होता की गाडी पलीकडच्या लाइनला आहे, मला काही धोका नाही. मालगाडी जवळ आली, तिचा धडधडाट सुरू झाला, मी पटापट शटर दाबतोय, आणि मागून कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, ''ओ भाऊ, मांगे दख, मांगे!'' मी मान वळवली तर डाऊनची एक्सप्रेस माझ्या मागून, थेट उन्हातून येत होती. हॉर्न चालू होता, लोको पायलट केव्हापासून वाजवत असणार, मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं कारण मालगाडीच्या आवाजात तो मिसळून गेला होता. मी मागे उडी मारली, खडीच्या उतारावरून घसरलो, कोपर फाटलं, लेन्सचं हूड तुटलं. गाडी गेली तेव्हा तिच्या वाऱ्यानं शर्ट अंगावरून ओढल्यासारखा झाला. ओरडणारा एक ट्रॅकमन होता, खांद्यावर पाना घेऊन चाललेला. तो जवळ आला, मला उठवलं, पाणी दिलं आणि एवढंच बोलला, ''तुना फोटो राहू दे रे भो, घर तुनी माय वाट दखी ऱ्हायनी व्हई.''

त्या दिवशीची शेवटची फ्रेम अजून माझ्याकडे आहे. त्यात फक्त तिरकं आभाळ आणि ओव्हरहेड वायरच्या खांबाचा वरचा तुकडा आहे. ती मी काढून टाकलेली नाही.

आता यातली कारणं सुटी करून सांगतो, कारण ''जवळ जाऊ नको'' हे तुला घरचेही सांगतात, का ते कोणी सांगत नाही.

पहिलं म्हणजे आवाज. माझ्या लहानपणी डिझेल इंजिन यायचं ते दोन किलोमीटरवरून कळायचं, रुळांच्या सांध्यांवरून डबे खटक-खटक करत यायचे. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब जोडलेले, डबे नव्या एलएचबी धाटणीचे, इंजिन इलेक्ट्रिक. समोरून सरळ येणारं डब्ल्यूएपी-७ हे इलेक्ट्रिक इंजिन जवळ येईपर्यंत जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि वारा उलटा असेल तर अजिबातच नाही. जो मोठा घोंघाट आपण ऐकतो तो गाडी बाजूने जातानाचा असतो, म्हणजे तेव्हा उशीर झालेला असतो. कानात इअरफोन घालून रुळाकडेला जाणाऱ्या पोरांबद्दल मी वेगळं काय लिहू.

दुसरं, वेग. आपल्या भुसावळ लाइनवर आता काही गाड्या १३० नं जातात. ११० चा वेग म्हणजे सेकंदाला तीस मीटर, १३० म्हणजे छत्तीस मीटर. तू फोटो कसा आला ते बघायला चार सेकंद मान खाली घातलीस तर तेवढ्यात गाडी सव्वाशे-दीडशे मीटर पुढे आलेली असते. आणि गाडी सरळ तोंडासमोर येत असेल तर डोळ्याला तिचा वेग कळतच नाही, ती फक्त हळूहळू मोठी होतेय असं वाटतं, आणि शेवटच्या दोन सेकंदात एकदम अंगावर येते. त्यात मोबाईलची वाइड लेन्स सगळंच लांब दाखवते. स्क्रीनवर जी गाडी पन्नास मीटरवर वाटते ती पंधरा मीटरवर असते. माझ्या मते आजकाल पोरं रुळाजवळ का जातात याचं निम्मं उत्तर त्या लेन्समध्ये आहे, तिच्यातून गाडी मोठी दिसायला माणसाला स्वतःला पुढे सरकावं लागतं.

तिसरं, गाडी रुळापेक्षा रुंद असते. हे वाचून तू म्हणशील माहितीये, पण आकडा बघ. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर आणि डबा साधारण सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला डबा रुळाच्या अडीच फूट बाहेर असतो. वर उघडा दरवाजा, लटकणारा माणूस, मालगाडीच्या ताडपत्रीची सुटलेली दोरी, हे सगळं त्याच्याही बाहेर. दोन लाइनच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडून गाड्या जाऊ देणारे व्हिडिओ तू पाहिले असशील, जुन्या डबल लाइनवर दोन गाड्यांच्या मध्ये उरणारी जागा दीड मीटरच्या आसपास असते. तिथे वारा दोन्हीकडून ओढतो.

चौथं, आणि खान्देशात आता हेच सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे शेजारची लाइन. २२ जानेवारी २०२५ चं तुला आठवत असेलच, पाचोऱ्याजवळ माहेजी आणि परधाडेच्या मध्ये आगीच्या अफवेनं लोक गाडीतून खाली उतरले आणि शेजारच्या लाइनवरून आलेल्या एक्सप्रेसखाली सापडले. ते लोक फोटो काढत नव्हते, त्यांची चूक काढायला मी हे लिहीत नाही, पण रुळावरच्या माणसाचं लक्ष एका गाडीकडे असलं की दुसरी दिसत नाही आणि ऐकू येत नाही, हे आपल्या जिल्ह्यानं इतक्या जवळून पाहिलंय. तुझ्या अमळनेरची लाइन कालपरवापर्यंत सिंगल होती, गाडी गेली की लोक बिनघोर रूळ ओलांडायचे, आता ती डबल झाली, इलेक्ट्रिक झाली, पण सवय सिंगलचीच राहिलीये. आणि भुसावळ-जळगावला तर तिसरी-चौथी लाइन आहे, तिथे ''या लाइनवर या दिशेनंच गाडी येते'' हा हिशोब धरूच नकोस. नियमानं गाडी डाव्या लाइननं जाते, अप म्हणजे मुंबईकडे, डाऊन म्हणजे मुंबईकडून, हे शिकून घे, फोटोसाठी उपयोगी आहे. पण जीव त्या हिशोबावर टाकू नको, कामासाठी ब्लॉक असला, म्हणजे एखादी लाइन बंद ठेवली, की गाडी कुठूनही काढतात. ॲपवरही विसंबू नको, तिथे प्रवासी गाड्या दिसतात, मालगाडी, सुटं इंजिन, वायर दुरुस्तीची टॉवर वॅगन यांचा पत्ता नसतो.

माझी जवळ जायची सवय कुठून आली तेही सांगतो, कारण तुझीही तशीच आली असेल. आमच्या पिढीनं फोटो काढायला शिकलं ते पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीवर. अडीच फुटी नॅरोगेज, छप्पन्न किलोमीटरची लाइन, शेंदुर्णी-पहूरकडे जाताना ती एवढी हळू चालायची की सायकलवाला बरोबरीनं जायचा. माणसं चालत्या गाडीत चढायची, तिथे रुळाच्या कडेला बसून फोटो काढले तरी कुणाला काही वाटायचं नाही. तिथली मोकळीक आम्ही तशीच उचलून मेन लाइनवर नेली, आणि ती चूक होती. ती गाडी आता बंद झाली, मोठ्या लाइनचं काम चाललंय, तिच्या वळणावरचे माझे फोटो हे माझं सगळ्यात प्रेमाचं काम आहे, पण तिथली सवय मेन लाइनला चालत नाही, हे मला कोपर फाटल्यावर कळलं.

बरं, आता आकडा. माझा नियम असा आहे की रुळापासून एक डबा आडवा ठेवता येईल एवढं अंतर सोडायचं. एलएचबी डबा साधारण चोवीस मीटर लांब असतो. फूट मोजत बसायला जमत नाही, पण डब्याची लांबी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यात बसलेली असते, जागेवर गेलास की मनातल्या मनात एक डबा फिरवून आडवा ठेवून बघ. एवढ्या अंतरावर तू बहुतेक ठिकाणी रेल्वेच्या हद्दीबाहेरही असतोस, आणि ते कायद्यानंही गरजेचं आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या कलम १४७ प्रमाणे हद्दीत विनापरवानगी शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या वयाच्या पोराला दंडापेक्षा केस नावावर लागणं जास्त महागात पडतं, पुढे नोकरीच्या वेळी ती निघते. हद्द कुठे आहे ते कुंपण असेल तर सोपं, नसेल तर हद्दीचे दगड बघ, तेही दिसत नसले तर शेताचा बांध धर आणि बांधाच्या शेताकडच्या बाजूला राहा.

हे सगळीकडे सारखं लागू होत नाही, ते कबूल करतो. लाइन भरावावर असेल तर खालून लांबूनच चांगला फोटो येतो, जमीन खोदून केलेल्या कापातून जात असेल तर वरच्या कडेवर उभं राहावं लागतं आणि तिथे कड ढासळायची भीती वेगळी. पावसाळ्यात काळी माती अशी निसरडी होते की सपाट बांधावरही पाय राहत नाही, आणि गवतात साप असतात, बूट घालूनच जा. स्टेशनवर तर चोवीस मीटर मिळणारच नाहीत, त्याचं पुढे सांगतो.

आता तुझी खरी अडचण, की लांबून गाडी मुंगीएवढी येते. तुझी १८-५५ ही लेन्स ५५ वर ठेव आणि साठ-सत्तर मीटरवरून तिरकी फ्रेम घे, इंजिन फ्रेमच्या उंचीच्या पाव हिश्श्याएवढं येतं. म्हणजे मुंगी नाही, पण इंजिनाचा पासपोर्ट फोटोही नाही, गाडी आणि तिच्याभोवतीचा मुलूख असा फोटो येतो, आणि खरं सांगू का, तोच फोटो दहा वर्षांनी बघावासा वाटतो. नुसतं इंजिनाचं तोंड कुठल्याही शेडमध्ये सारखंच असतं. इंजिनच मोठं हवं असेल तर पैसे साठवून सेकंड हँड ५५-२५० ची लांबची लेन्स घे, पाय पुढे सरकवण्यापेक्षा लेन्स पुढे सरकव. मोबाईल असेल तर अल्ट्रावाइड बंद, दोनपट-तीनपटवाली लेन्स वापर, फोकस आणि उजेड आधी एखाद्या खांबावर लॉक करून ठेव आणि गाडी आली की बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ एक फोटो. शटर बाजूनं जाणाऱ्या गाडीला १/१००० च्या खाली नको, कारण ११० च्या वेगात तेवढ्याशा वेळातही गाडी तीन सेंटिमीटर सरकते. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/१०० च्या आसपास, पण ते मोकळ्या शेतातून लांबूनच, कारण पॅनिंग करताना माणूस गोल फिरतो आणि तोल जातो.

उजेडाचं सांगतो, हे आपल्या भागाचं खास आहे आणि बाहेरच्या व्हिडिओत तुला मिळणार नाही. आपल्या लाइन साधारण पूर्व-पश्चिम जातात. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाइनच्या दक्षिणेला उभा राहिलास तर जवळजवळ दिवसभर गाडीची उजळलेली बाजू तुझ्याकडे असते. मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, इंजिनाच्या काचेखाली काळी सावली पडते, आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत रुळावरची हवा अशी थरथरते की लांबच्या लेन्सनं काढलेला फोटो पाण्यात बघितल्यासारखा येतो. त्यात लेन्सचा दोष नसतो. तेव्हा सकाळी सातच्या आत काम उरकायचं आणि घरी यायचं, उन्हात चक्कर येऊन रुळाकडेला बसणं हाही धोकाच आहे.

जागा म्हणशील तर माझी आवडती सावदा ते रावेरच्या मध्ये. लाइनच्या दक्षिणेला शेतातून उभं राहायचं, तोंड उत्तरेला, पाठीवर ऊन, पुढे केळीची हिरवी रांग, मधून गाडी आणि मागे सातपुडा. जानेवारीत सकाळी धुकं उठल्यावर अर्धा तास सातपुडा निळा दिसतो, त्या अर्ध्या तासात खांडव्याकडची एखादी मालगाडी आली तर आणखी काही मागायचं नाही. शेतमालकाला विचारल्याशिवाय पाय टाकू नको, ''काका, गाडीचा फोटो काढायचाय, बांधावरूनच काढतो'' एवढं म्हटलं की शंभरातले पंच्याण्णव हो म्हणतात. ड्रिपच्या नळ्यांवर पाय देऊ नको. पुढच्या वेळी जाताना त्यांच्या शेताचा आणि गाडीचा एक प्रिंट घेऊन जा. मला अशा एका घरी कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्ल्याशिवाय आता निघू देत नाहीत.

चाळीसगावच्या बाजूला उलटं आहे. तिथे सातमाळ्याचे डोंगर दक्षिणेला, म्हणजे डोंगर मागे हवे असतील तर उत्तरेला उभं राहावं लागतं आणि थंडीत ऊन तोंडावर येतं. ती जागा पावसाळ्यासाठी ठेव, ढग असले की उजेड सगळीकडून सारखा असतो आणि डोंगर हिरवे असतात.

तापीच्या पुलाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. काठावरून, लांबून काढ. रेल्वे पुलावर चढायचं नाही, एक पाऊलसुद्धा, तिथे गाडी आली तर पळायला बाजूच नसते. पुलाच्या बरोबर खालीही उभा राहू नको, आपले लोक गाडीतून नदीत नाणी टाकतात, नारळ टाकतात, आणि एवढ्या वेगातल्या गाडीतून सुटलेला नारळ डोक्यात बसला तर काय होईल ते सांगायला नको. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की काठाचं पाणी बघता बघता चढतं, तेव्हा नदीकडे जायचंच नाही. जळगाव-पाळधीच्या मध्ये गिरणेच्या पुलालाही हेच.

रस्त्याचे उड्डाणपूल चांगले, पण फुटपाथ असलेलेच, नाहीतर गाडी बघता बघता मागून डंपर येतो. पुलावर ओव्हरहेडच्या वर जाळी लावलेली असते, तिच्यातून सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड बाहेर काढणारे मी पाहिलेत. खालच्या वायरमध्ये पंचवीस हजार व्होल्ट असतात. त्या वायरला हात लागायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी करंट हवेतून उडी मारतो, म्हणून दोन मीटरच्या आत काहीच न्यायचं नाही. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून फोटो काढणाऱ्या पोरांचा जीव असाच जातो, बहुतेकांना वायरला हात लावायचा नव्हताच.

फाटकावर उभं राहायचं असेल तर फाटकाच्या बाहेर, बाजूच्या कठड्यापाशी. फाटकाच्या अलीकडे ६०० मीटरवर रुळाशेजारी एक पिवळी पाटी असते, त्यावर ''सी/फा'' लिहिलेलं असतं, सीटी-फाटक. तिथून हॉर्न सुरू होतो. ११० च्या गाडीला तिथून फाटकापर्यंत यायला वीस सेकंद लागतात, म्हणजे हॉर्न ऐकू आला की फोकस लॉक करायला वेळ आहे, फाटकाखालून वाकून पलीकडे जायला नाही.

स्टेशनवर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढ, दोन तास चालतं. पिवळ्या रेषेच्या मागे नुसतं नाही, तर पाठ खांबाला किंवा बाकाला टेकवून उभा राहा, म्हणजे मागून गर्दीचा धक्का बसत नाही आणि तू स्वतः नकळत पुढे सरकलास तर पाठीला कळतं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, बॅगचे बंद आत. शिरसोलीसारख्या छोट्या स्टेशनातून न थांबणाऱ्या गाड्या पूर्ण वेगात निघतात, तिथे मोठ्या स्टेशनपेक्षा जास्त मागे. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा उतार लागला की तिथून पुढे नाही. यार्डात तर नाहीच नाही, भुसावळचं यार्ड मोहात पाडतं मला माहितीये, पण शंटिंगला सोडलेले डबे इंजिनाशिवाय, आवाज न करता घरंगळत येतात आणि मोटरनं हलणारे, रूळ बदलायचे सांधे कधी हलतील सांगता येत नाही, बूट अडकला की अडकला.

आरपीएफचं तुला जे वाटतंय ते वीस वर्षांपूर्वी मलाही वाटायचं. आता मी आधी जाऊन स्टेशन मास्तरांना किंवा ड्यूटीवरच्या जवानाला भेटतो, तिकीट दाखवतो, मोबाईलमधले जुने फोटो दाखवतो, ''साहेब, छंद आहे, त्या खांबापाशी उभा राहतो, चालेल का?'' बहुतेक वेळा चालतं. नाही म्हणाले तर कॅमेरा बॅगेत, वाद नाही, दुसऱ्या दिवशी दुसरं स्टेशन. चॅनलवर टाकून पैसे कमवायचे असतील किंवा मोठं शूटिंग असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी लागते, आणि लक्षात ठेव, अमळनेर पश्चिम रेल्वेत आहे, जळगाव-भुसावळ मध्य रेल्वेत, एकीकडची परवानगी दुसरीकडे चालत नाही. ड्रोन तर परवानगीशिवाय बाहेरच काढू नको. कुणी रुळावर अडकलेलं दिसलं, रुळाला काही झालेलं दिसलं तर १३९ ला फोन कर किंवा जवळच्या फाटकवाल्याला पळत जाऊन सांग, आपण तासन्तास लाइनवर असतो, आपल्याला आधी दिसतं.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. इंजिन आलं की पोरं आनंदानं दोन्ही हात डोक्यावर करून हलवतात. रेल्वेत दोन्ही हात वर करणं म्हणजे ''थांब, धोका'' असा सिग्नल असतो. लाल रुमाल हलवणं तर उघडच आहे. लोको पायलटला सलाम करायचा असेल तर एक हात, खांद्याच्या खाली, साधा. आणि त्यांच्या तोंडावर फ्लॅश कधीच नाही, रात्री तर नाहीच.

लोको पायलटचं निघालंय म्हणून वडिलांचं सांगतो. ते घरी ड्यूटीचं फारसं बोलायचे नाहीत. पण एखाद्या दिवशी यायचे, बूट बाहेरच काढायचे, आंघोळ करायचे आणि न जेवता ओट्यावर बसायचे, आई आम्हाला खुणेनं गप्प करायची, तेव्हा समजायचं की आज गाडीसमोर कुणीतरी आलं. मी फोटो काढायला लागल्यावर ते एकदा म्हणाले होते, ''रुळाजवळ माणूस दिसला की मी हॉर्न वाजवतो, ब्रेक लावतो, आणि मग मला फक्त बघत बसावं लागतं. गाडी थांबायला किलोमीटर लागतो. तोपर्यंत तो माणूस माझ्याकडे बघतो.'' जवळून रील काढणाऱ्या त्या पोरांना काही होत नाही असं तू लिहिलंस ना, त्या रीलमध्ये इंजिनाच्या काचेमागे बसलेला माणूस दिसत नाही. त्याचे हात तेव्हा थरथरत असतात.

घरच्यांचं म्हणशील, तर लपवून जाऊ नको. वडिलांना एका रविवारी सोबत घे. कॅमेरा त्यांच्या हातात दे, तू कुठे उभा राहतोस ते त्यांना दाखव, बांध दाखव, रूळ किती लांब आहे ते त्यांनाच पावलांनी मोजू दे. सावद्याला जायचं तर खांडव्याकडची पॅसेंजर पकड, ती कुठून सुटते, थांबा आणि वेळ आदल्या रात्री बघून ठेव, आणि डिसेंबर सोडून जानेवारीत जा, तोपर्यंत कापूस निघालेला असतो आणि बांध मोकळे असतात. आधी केळीवाल्या काकांना भेट, कापणी चालू असेल तर ट्रक आत-बाहेर करतात, त्या दिवशी बांधाच्या पश्चिमेच्या टोकाला उभे राहा, तिथून सातपुडाही जास्त दिसतो.